सातव्या मशीनवर फुटलेला नारळ

परळीत राहायचं तर राखेशी भांडून चालत नाही. थर्मलची, म्हणजे वीज केंद्राची, राख दोरीवरच्या कपड्यांवर बसते, गच्चीवरच्या पापडांवर बसते, आणि आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या बारा कॉम्प्युटरांवर तर हक्कानं बसते. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हापासून माझा दिवस त्या बारा मशीनांची राख पुसण्यानं सुरू व्हायचा. मग चहा, मग पोळ्या, मग सकाळची बॅच. घर वर, इन्स्टिट्यूट खाली, मधे अकरा पायऱ्या. सहा वर्षं मी त्या अकरा पायऱ्या चढत-उतरत होते.

"आमी शिकलेली सून केली," असं मामा, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. शिकलेली सून म्हणजे काय, तर सकाळी स्वयंपाक करणारी, दुपारी शिकवणारी आणि संध्याकाळी बंद पडलेलं मशीन उघडून बसणारी. माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा त्यांच्या फार उपयोगी पडला. माझ्या किती पडला ते विचारू नका.

मामा तरुणपणी तहसीलबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचे. समोरच्यानं बोलायचं आणि मामांची बोटं चालायची. माणूस रडत बोलो नाहीतर शिव्या देत बोलो, कागदावर 'महोदय, वरील विषयास अनुसरून' असंच उतरायचं. पुढं त्यांनी लोखंडी टाइपरायटर घेऊन इन्स्टिट्यूट काढली. टाइपरायटरची परीक्षा बंद होऊन कॉम्प्युटरची आली तेव्हा त्यांनी मशीनं आणली, पण स्वतः त्यांना कधी बोट लावलं नाही. बंद करायचं झालं तर थेट भिंतीवरचं बटण. मी ओरडायचे, ते हसायचे.

त्या वर्षी दिवाळीत माझ्या नावानं एक लिफाफा आला. बीडच्या एका सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक म्हणून माझी निवड झाली होती. परीक्षा मी माहेरी जाते असं सांगून गुपचूप दिली होती. पत्रात लिहिलं होतं की अमुक सोमवारी कचेरीच्या वेळेत हजर व्हावं, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला ती जागा दिली जाईल. मी ते पत्र दोन दिवस तांदळाच्या डब्यात दडवलं आणि तिसऱ्या दिवशी धीर करून मामांच्या ताटाशेजारी ठेवलं.

मामांनी ते दोनदा वाचलं. टायपिंगची चूक सापडते का तेही बघितलं असणार.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण त्याच्या आधीच्या शनिवारी आपल्याकडं परीक्षा हाय न्हवं? तेवढी पार पडू दे. मग जा."

हे 'मग जा' मी तिसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा एका शाळेत जागा निघाली होती, तेव्हा 'ही बॅच संपू दे, मग जा.' दुसऱ्यांदा मला पुढं शिकायचं होतं, तेव्हा 'नणंदेचं लग्न होऊ दे, मग जा.' दोन्ही वेळा 'मग' आलं तोवर जायची जागा उरली नव्हती. नवरा थर्मलमध्ये ठेकेदाराकडं शिफ्टवर. त्याला विचारलं तर तो वडिलांना पुढं करून दमलेल्या आवाजात म्हणायचा, "दादा म्हणतेत तसं कर बाई." लेकरू झालेलं नव्हतं, त्यामुळं बोलणाऱ्यांना आणखी एक विषय. खोटं कशाला सांगू, त्या घरात माझ्यावर कुणी हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. म्हणून तक्रार तरी काय करायची तेच कळायचं नाही. नुसता जीव घुसमटायचा.

आता त्या दिवाळीआधीच्या नारळाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनांची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि नारळ. मशीनं चालू पाहिजेत, पडदे उजळलेले पाहिजेत, हा मामांचाच आग्रह. नारळ मामाच फोडणार, आणि तो दाराशेजारच्या टाइपरायटरच्या लोखंडी कडेवर फोडणार, हे इन्स्टिट्यूट निघाली तेव्हापासून ठरलेलं. त्या वर्षी मात्र महिनाभर आधी मी मांडणी बदलली होती. टाइपरायटर मागच्या कोपऱ्यात नेला आणि त्याच्या जागी सातवं मशीन आणून ठेवलं. मामांना सांगितलं होतं. त्यांनी डोळ्यांनी बघितलंही होतं. तरी नवमीला त्यांनी आरती म्हटली, डोळे मिटले, हात उचलला आणि नारळ जिथं फोडायचा तिथंच फोडला. खाली टाइपरायटर नव्हता, चालू कॉम्प्युटरचा डबा होता. पाणी मागच्या जाळीतून आत गेलं आणि सातवं मशीन बारीक चटचट करून बंद पडलं ते पडलंच.

"अगं बया!" माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. मामांनी खोबरं वाटून टाकलं आणि वर निघून गेले.

मी डबा उघडला. आतला बोर्ड जळाला होता, पण हार्ड डिस्क शाबूत होती, आणि परीक्षेचं सगळं सॉफ्टवेअर त्या डिस्कमध्येच होतं. माळ्यावर एक जुना डबा पडून होता. त्याची राख झटकली, सातव्याची डिस्क त्यात बसवली, आणि मशीन चालू झालं. इंटरनेट आलं. पोरींनी त्यावर महिनाभर सराव केला. मी त्याच्याकडं पुन्हा वळून बघितलं नाही, आणि माझी चूक झाली ती तिथं.

परीक्षेला प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक ठरलेला पत्ता लागतो. सातव्या आसनाचा पत्ता सातव्या मशीनलाच. त्यावरून मुख्य मशीन, म्हणजे त्या बारांखेरीज माझ्या टेबलावरचं, ओळखतं की कोणता उमेदवार कुठं बसला आहे. मला वाटलं, डिस्क तीच, म्हणजे पत्ताही तोच असणार. तो डिस्कमध्ये होताही, पण जळालेल्या बोर्डावरच्या नेटवर्क कार्डाच्या नावावर. नव्या डब्यातलं कार्ड मिळेल त्या पत्त्यावर आपलं काम भागवत होतं, आणि सरावाला तेवढं पुरत होतं.

शनिवारी सकाळी परीक्षा अधिकारी आले. बोलणं मोजकं, कपड्यांना कडक इस्त्री. त्यांनी आमचे सगळ्यांचे फोन एका स्टीलच्या डब्यात घालायला लावले आणि डब्यावर सही केलेली कागदी पट्टी चिकटवली. उमेदवार आत आले की शटर खाली, आणि परीक्षा संपेपर्यंत ना कुणी आत, ना कुणी बाहेर. आत बारा उमेदवार, अधिकारी आणि मी. मामा बाहेर. शटर हवेसाठी वीतभर वर ठेवलं होतं, आणि त्या फटीतून मामांच्या चपला इकडून तिकडं जाताना दिसत होत्या.

मी मशीनं जोडायला घेतली. मुख्य मशीनच्या पडद्यावर एकेक आसन हिरवं होत गेलं. अकरा हिरवी झाली. सातवं लाल.

मी सातव्यावर जाऊन तो पत्ता हातानं घातला. पडद्यावर पाटी आली. हा पत्ता आधीच दुसऱ्या एका कार्डाला दिलेला आहे, ते कार्ड आता या मशीनमध्ये नाही, तुम्ही दुसरा पत्ता घालता का?

मी ती पाटी दोनदा वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे नाही ते जागा अडवून बसलंय, आणि जे आहे त्यालाच म्हणायचं की तू दुसरीकडं बघ! दुसरा पत्ता घालून बघितला, तर मुख्य मशीन सातव्या आसनाला ओळखच देईना.

"मॅडम, वीस मिनिटं आहेत," अधिकारी घड्याळ बघत म्हणाले. "एक जरी आसन आलं नाही तरी मला बॅच रद्द लिहावी लागते. फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी."

पंधरा दिवसांनी! माझा सोमवार परवा होता. परीक्षा पार पडली नाही, म्हणजे 'मग' आलंच नाही. मामांना काही बोलायचीही गरज पडणार नव्हती.

सातव्या आसनावर धर्मापुरीकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. "मॅडम, माझंच कावून बंद पडलं हो?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"काही न्हाई होत. तुमी बोटं मोकळी करा," मी म्हणाले. एक गोष्ट आज कबूल करते. क्षणभर वाटलं होतं की शटर वर करावं आणि अंगावरच्या साडीनिशी तडक बसस्टँड गाठावं. पण बाहेर मामांच्या चपला होत्या आणि आत ही बाई होती. मी खाली मान घालून पुन्हा मशीनसमोर बसले.

डिप्लोमाला असताना सरांनी हे एकदा करून दाखवलं होतं. मशीनमध्ये काय काय बसवलंय त्याची एक यादी असते, ती मी उघडली. कार्ड एकच दिसत होतं, नवं. 'लपलेली उपकरणं दाखवा' वर दाबलं, तरी जुनं काही वर येईना. मग आठवलं की त्याच्या आधी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते. फोन असता तर मिनिटात सापडली असती, पण फोन पट्टीखाली. ती ओळ लांबलचक, इंग्रजी, मधे मधे खालच्या रेघा. एक अक्षर चुकलं तर मशीन चूक झाली असंही सांगत नाही, नुसतं गप्प राहतं. पहिल्यांदा टाइप केली, यादी तशीच. दुसऱ्यांदा केली, यादी तशीच. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पोरींना मी रोज सांगायचे, की कीबोर्डकडं बघू नका, आठवायला जाऊ नका, बोटांना माहीत असतं. मग मी तेच केलं. डोळे मिटले आणि बोटांना सोडून दिलं. ओळ झाली, त्याच खिडकीतून यादी उघडली, आणि फिकट अक्षरांत एकेक नाव वर आलं. जळालेल्या बोर्डाचं कार्ड. त्याच्या आधीचं, वीज पडून गेलेलं कार्ड. आणखी एक, ते कधीचं होतं देव जाणे. तीन कार्डं, तिन्ही मशीनमध्ये नव्हती, आणि तिन्ही आपापली जागा धरून बसली होती.

मी एकेकाला निवडून काढत गेले. मशीन दर वेळी विचारायचं, खात्री आहे का? "हाय बाबा, हाय!" मी मोठ्यानं म्हणाले. बारा जणांनी माना वळवल्या.

पत्ता पुन्हा घातला. मशीननं तो मुकाट्यानं घेतला आणि सातवं आसन हिरवं झालं. चार मिनिटं शिल्लक होती. शटरखालच्या चपला एका जागी थांबल्या होत्या.

परीक्षा पार पडली. शटर वर गेलं तेव्हा मामांचा चेहरा फुललेला होता. त्यांनी अधिकाऱ्यांना खुर्ची दिली, मला चहा आणायला सांगितलं, आणि मी कप पुढं करत असताना म्हणाले, "साहेब, आमच्या सूनबाईशिवाय ह्या सेंटरचं पान हलत न्हाई." अधिकारी हसले. मीही हसले, बाईनं अशा वेळी हसायचं असतं म्हणून.

ते गेल्यावर मामा माझ्याकडं वळले. "बघितलंस न्हवं? तू नसतीस तर आज काय झालं असतं? आता पुढची परीक्षा उन्हाळ्यात हाय. तेवढी एक..."

"मामा, कावून फोडला तुमी नारळ मशीनवर?"

सहा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. आत्याबाई पायऱ्या उतरत होत्या त्या चौथ्या पायरीवरच थांबल्या.

"चुकून झालतं," मामा म्हणाले.

"चुकून न्हाई. टाइपरायटर तिथनं उठून महिना झालता. तुमाला ठाऊक होतं. पण तुमच्या हातात तो अजून तिथंच हाय. जे न्हाई त्याच्यासाठी नारळ फोडलात आन् जे हाय ते जाळलंत. आज मी ते निस्तरलं, तर म्हणता आता तूच जाऊ नको! माझा सोमवार परवा हाय, मामा. मला जायचंय. मला इथं लई कोंडल्यासारखं होतंय." शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते तोंडातून गेलं आणि मग मला हुंदका आला.

रस्त्यावरून राखेचा टँकर गेला, काचा थरथरल्या. मी डोळे पुसले, मागच्या कोपऱ्यात गेले, टाइपरायटरवरचं कापड ओढलं, कोरा कागद चढवला आणि स्टूल पुढं सरकवलं.

"बसा," मी म्हणाले.

"आता काय?"

तहसीलबाहेर लोक अर्ज सांगायचे तशा संथ आवाजात मी सुरुवात केली. "विषय. मशीनमधील जुन्या कार्डाची नोंद काढून टाकणेबाबत."

मामांचा इलाज नव्हता. समोर कुणी सांगायला लागलं की त्यांचे हात थांबत नसत. ते बसले आणि टाइपरायटर वाजायला लागला. मी एकेक पायरी सांगत गेले. काळी खिडकी उघडावी. खालील ओळ टाइप करावी. "इंग्रजी ओळ मी पेनानं लिहीन, जागा सोडा." त्यांनी जागा सोडली. यादी उघडावी. लपलेली उपकरणे दाखवावीत. ओळ संपली की टाइपरायटरची घंटी वाजायची, मामा दांडी ओढायचे आणि मी पुढचं सांगायचे.

"फिकट दिसणारी नावे म्हणजे जी आता मशीनमध्ये नाहीत ती. ती काढून टाकावीत व त्यांनी अडवलेली जागा मोकळी करावी."

मामांची बोटं मधेच थांबली. मी पहिल्यांदाच ती तशी थांबलेली बघितली. मग त्यांनी ते वाक्य पुरं केलं, कागद ओढून काढला, चष्मा वर करून चुका शोधल्या. एकही नव्हती.

"सोमवारी कितीची गाडी हाय?" त्यांनी कागदाकडंच बघत विचारलं.

"सातची."

"मग साडेसहाला घर सोडावं लागंल," ते म्हणाले आणि पायऱ्या चढून वर गेले.

मी गेले. बीडला एक खोली केली, नवरा सुट्टी मिळेल तसा येतो-जातो. कचेरीतल्या कामात दिवस निघून जायचे. पुढच्या खंडेनवमीला मी परळीला आले, तर इन्स्टिट्यूटची आरती चालू होती. माझ्या जागी शिकवायला धर्मापुरीची तीच बाई होती, सातव्या आसनावरची. ती पास झाली होती आणि मामांनीच तिला बोलावून घेतलं होतं. मामांनी आरती संपवली, नारळ उचलला, दाराशेजारी हात वर गेला आणि तसाच थांबला. त्यांनी खाली बघितलं, मागच्या कोपऱ्यात गेले आणि नारळ टाइपरायटरवर फोडला.

मला बरं वाटलं. पण मग माझी नजर मुख्य मशीनकडं गेली. माझी खुर्ची तिथंच होती, तिच्यावर माझी जुनी उशी. तिच्या शेजारी लाकडी स्टूल, आणि बाई त्या स्टुलावर जाऊन बसली.

"ह्या कावून स्टुलावर?" मी आत्याबाईंना हळूच विचारलं.

"मामा बसू देत न्हाईत खुर्चीवर," आत्याबाई म्हणाल्या. "ती जागा सूनबाईची हाय म्हणतेत. वर्ष झालं, ती बिचारी स्टुलावरच बसून शिकवती."

वर्षभर मी बीडला कचेरीत बसत होते, आणि इथं माझ्या नावावर एक खुर्ची अडून होती. भिंतीवर मामांनी टाइप केलेला तो कागद चिकटवलेला होता. त्याच्यावरही राख बसली होती.

मी खुर्चीवरची उशी उचलून काखेत घेतली. "बसा हो इथं," मी त्या बाईला म्हणाले. ती मामांकडं बघायला लागली.

"आन् तू आलीस की कुठं बसशील?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच ते कळत नव्हतं.

"पाहुण्यांच्या खुर्चीत, मामा."

मामांनी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. मग त्या बाईला म्हणाले, "बस." ती बसली. खुर्ची जराशी कुरकुरली. मामा जिन्याकडं तोंड करून आत्याबाईंना म्हणाले, "चहा टाका. बीडचं माणूस आलंय."

माझा पाय सवयीनं पहिल्या पायरीवर पडला होता.

"तू बस," मामा म्हणाले.

मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. आत्याबाईंनी वरून कप आणून माझ्या हातात दिला. त्या घरात मी न केलेला चहा त्या दिवशी मला पहिल्यांदा मिळाला. साखर कमी होती. मी कसा घेते ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं.